उभी गाडी

आवाज झाला तेव्हा काका चहा गाळत होते. गाळणं हातात घेऊनच ते खाली आले. त्यांच्या गाडीची डिकी आत गेली होती, एक दिवा फुटून जमिनीवर पडला होता. मागे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेची गाडी. ती स्टिअरिंग घट्ट धरून तशीच बसली होती.

“आधी इंजिन बंद कर,” काका म्हणाले. “लागलं का कुठे?”

तिने मानेने नाही म्हटलं आणि ती रडायलाच लागली.

वर गॅलरीत सासूबाई उभ्या होत्या. “सांगत होते मी! किल्ली आण वर. आजपासून गाडीला हात लावायचा नाही!”

“नाहीच लावत,” सून म्हणाली. “काकू होत्या तोवर जमत होतं मला.”

काकूंनीच तिला शिकवलं होतं, काकांच्या याच गाडीत. ती लायसन्सच्या परीक्षेत पास झाली त्या दिवशी काकू गल्लीभर हॉर्न वाजवत आल्या होत्या. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. काका सकाळी ती पुसायचे, संध्याकाळी थोडा वेळ आत बसायचे. विकून टाका म्हणणाऱ्यांना नुसतं हूं म्हणायचे. काकू ठेंगण्या. त्यांची सीट पुढे ओढलेली होती, तशीच होती. तिला कुणी हात लावलेला काकांना खपत नसे.

दुपारी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्याने डिकीवर बोट वाजवलं. “विमा?”

“संपला. उभ्या गाडीला कसला विमा? ती कुणाला धडकणार?”

“ती नाही धडकत, काका. पण बाकीच्यांच्या गाड्या चालू आहेत ना.”

मग त्याने नीट समजावलं. धडक सुनेच्या गाडीने दिली आणि त्या गाडीचा विमा आहे, म्हणजे खर्च तिकडून मिळेल. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. पोलिसांत नोंद करा. दोघंही घडलं तेच सांगा. “पण तुमची गाडी बिनविम्याची रस्त्यावर काढायची नाही. आधी विमा काढा. नाहीतर मी टोचन लावून ओढत नेतो.”

“टोचन नको,” काका म्हणाले. “चालत येईल ती.”

चार दिवसांत सगळं रीतसर झालं. विमा कंपनीचा माणूस डिकी बघून गेला. काकांच्या गाडीचा विमा निघाला, मेकॅनिकने नवी बॅटरी आणि तात्पुरता दिवा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी वरची बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं.

“सूनबाईला खाली पाठवा. गाडी गॅरेजला न्यायचीय.”

“जिने ठोकली तिलाच? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“माझी गाडी आहे. मला चालेल.”

सासूबाई काहीतरी पुटपुटल्या, पण दारातून बाजूला झाल्या.

सून खाली आली. किल्ली घ्यायला तिचा हात पुढे होईना. “तुम्हीच न्या ना, काका. मी शेजारी बसते.”

काकांनी दार उघडून धरलं. ती नाइलाजाने बसली. गुडघे स्टिअरिंगला टेकले. तिने सीटखालच्या दांडीकडे पाहिलं, मग काकांकडे.

“सीट… मागे घेऊ?”

काकांनी सीटच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

“घे,” ते म्हणाले. “असं अवघडून कुणी गाडी चालवतं का?”

खट् आवाज झाला आणि सीट मागे सरकली. काकांनी दार लावलं, वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले, पट्टा लावला. सुनेने किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. तिचा पाय मात्र ब्रेकवरून उचलेना.

“काका, खरंच, तुम्ही का नाही चालवत?”

“मला कुठे येते गं?” काका म्हणाले. “जन्मभर तुझ्या काकूनेच नेलं मला.”