हातानं मागायचं नाही

साक्षीनं आजोबांचं मनगट धरलं, त्यांना ओढत माठापाशी नेलं आणि त्यांचा हात उचलून झाकणावर ठेवला. सुभेदार मानसिंगांनी हात काढून घेतला आणि तिच्या पंज्यावर एक चापटी मारली. जोरात नाही. लागेल एवढीच.

“हात न्हाई. तोंड हाय न्हवं? बोल. आबा, पाणी द्या.”

नऊ वर्षांची पोर माठाकडे बघत राहिली. मानसिंगांनी पेला भरला आणि तिच्या डोक्याच्याही वर धरला. चैत्रातली दुपार होती, तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पेला वरच राहिला.

सून सोनिया पीठ मळता मळता उठली.

“मामा, मागतीय की ती. साताऱ्याच्या, बोलाय शिकवणाऱ्या बाई सांगत हुत्या, हात धरून नेती हीच तिची बोली हाय. आधी पाणी द्या, देताना शब्द तुमी बोला. ऐकून ऐकून येईल. पर हात झिडकारू नका म्हणाल्यात.”

“तुझ्या बाईंनी पलटणी किती सांभाळल्या गं?” मानसिंग म्हणाले. “लाडानं पोर मुकी ऱ्हाती. तहान लागली की आपसूक बोलंल.”

साक्षीला ऑटिझम आहे हे ती पाच वर्षांची असताना कळलं. तिचा बाप, म्हणजे मानसिंगांचा मुलगा इंद्रजित, सीमेवर. घरात शब्द चालायचा तो सुभेदारांचा. नातीवर त्यांचा जीव नव्हता असं नाही. जीव होता, तीच तर पंचाईत होती. नावडत्या पोरासाठी माणूस एवढा खटाटोप करत नाही. कडू औषध पाजणाऱ्याला पाजण्याचंच एवढं कौतुक असतं, की औषध चुकीचं आहे का हे तो बघतच नाही.

सोनिया लेकीला चोरून पाणी पाजते असं दिसल्यावर त्यांनी माठ आपल्या खोलीत नेला, उशाशी. शेजारी गुळाचा डबा ठेवला. जेवताना पेलाभर मिळायचं; एरवी बोलली की पाणी, वर गुळाचा खडा. एकदा साक्षी गोठ्यातल्या टाकीला तोंड लावून पिताना सापडली. त्यांनी टाकीवर पत्रा टाकला आणि पत्र्यावर दगड ठेवला.

ज्येष्ठ सरता सरता ती बोलली. माठासमोर उभी राहून, हात पाठीमागे बांधून म्हणाली, “आबा, पाणी द्या.” आवाज तिचा, पण ठेका थेट सुभेदारांचा, परेडवरचा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी पेला दिला, गूळ दिला आणि पारावर जाऊन चार लोकांत सांगितलं, “मारून मुटकून का हुईना, बोलती केली का न्हाई?” लोक म्हणाले, सुभेदार ते सुभेदारच.

त्या दिवसापासून साक्षीनं कुणाचाच हात धरला नाही. रस्ता ओलांडताना नाही, तापानं फणफणली तेव्हा नाही, आईचासुद्धा नाही. हे एकट्या सोनियाच्या लक्षात आलं. ती कुणाला सांगणार?

दिवाळीनंतर पंधरवड्यात मानसिंगांवरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा बसली. ज्या गळ्यानं अख्खं मैदान हलायचं, त्यातून नुसती घरघर यायला लागली. कऱ्हाडच्या दवाखान्यात बारा दिवस काढून त्यांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आवाज येईलही, नाहीही.

एका दुपारी उसाला पाटाचं पाणी घ्यायची पाळी होती. पाळी चुकवली तर पुन्हा महिनाभर वाट बघा. सोनियानं सासऱ्यांना पाणी पाजलं, अंथरूण नीट केलं. “तासाभरात येती, मामा,” म्हणून गेली. तास गेला, दोन तास गेले. गोळ्यांनी त्यांच्या घशाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. माठ उशाशीच होता, पण उजव्या अंगाला. डावा हात तिथवर पोचेना.

साक्षी खोलीत आली. मानसिंगांनी घसा खरवडला. ती जवळ आली, त्यांच्याकडे बघत थांबली. त्यांनी उरलंसुरलं बळ एकवटून डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, ओढलं आणि तिचा हात माठाच्या झाकणाकडे ढकलला.

असं मागणं आपण कुठं पाहिलंय, ते हात ढकलता ढकलताच त्यांना आठवलं.

साक्षीनं मनगट सोडवून घेतलं आणि त्यांच्या पंज्यावर एक चापटी मारली. जोरात नाही. लागेल एवढीच.

“हात न्हाई,” ती म्हणाली. “तोंड हाय न्हवं? बोल. आबा, पाणी द्या.”

तिनं माठाचं झाकण काढलं, पेला काठोकाठ भरला, मग उशाशी काही खुडबुड केली आणि पेला त्यांच्या चेहऱ्याच्या वर, हात पोचणार नाही इतका उंच धरला. मानसिंगांचे ओठ हलले. लाळ गळाली. शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं, तोंडात एक थेंबही नाही.

पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती त्यांच्या ओठांकडे टक लावून, आशेनं बघत होती. दुसऱ्या हाताची मूठ मात्र घट्ट आवळलेली होती. आता मारते की काय, असं त्यांना वाटलं.

मूठ जरा सैल झाली. आत गुळाचा खडा होता, आबा बोलले की द्यायला.