डावी पाकळी

“गुरवांनू, देवाक इचारा, पाणी परत येतला काय?” देवराईतला झरा आटल्यापासून गावाचा जीव टांगणीला लागला होता.

धाकू गुरव हातात पाकळ्या घेऊन उभाच राहिला. कौलाच्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवायच्या त्या झऱ्याच्याच पाण्याने. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुणीतरी विकतच्या पाण्याची बाटली पुढे केली.

तीन वर्षांपूर्वी राईतली झाडं तोडायचा कौल लावला, तेव्हा डावी पडली होती. मागे ठेकेदार खाकरला आणि धाकूने ती मुठीत दडवून उजवी हळूच बोटाने पाडली होती.

त्याने बाटली बाजूला सारली. “आता काय इचारतास? देव तेवाच नको म्हणालो होतो. मीच तुमका आयकूक देऊक नाय.”