रायफलीचा घोडा

“रिकामी हाय वं, तुळजे!” शिकारीहून आलेले नानाजी दारात थांबून रायफलीचा घोडा दोनदा वाजवत आणि अशी हाक देत. मगच तुळजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई.

नानाजी जाऊन दोन वर्षं झाली. रायफलीचा घोडा कुठंतरी मोडून पडला, एवढंच मुलाला, ईश्वरदासला, ठाऊक. माय मात्र अजून सांजेला दाराला कडी घालत नव्हती. ती टकटक एकदा ऐकली की तिचा जीव निवेल, या आशेनं तसाच घोडा शोधत त्यानं पारशिवनीहून नागपूरच्या इतवारी बाजाराच्या कितीतरी खेपा घातल्या.

त्रेपन्न सालच्या पौषात तिथल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मोडीच्या डब्यातून एक घोडा काढला. घरचं माणूस पाटावर बसावं तसा तो रायफलीवर बसला.

“गरम काहून हाय गा?”

“डब्बा उनात होता. घरी जाईस्तोवर होईल थंडा.”

परतीच्या मोटारीत गार वारं झोंबत होतं. मांडीवरच्या रायफलीचं पोलाद बर्फासारखं झालं, घोडा तेवढा उबदार राहिला. ईश्वरदास त्यावर तळवे शेकत, गाणं गुणगुणत घरी आला.

दारात थांबून त्यानं घोडा वाजवला. टक्, टक्.

तुळजाबाई तांब्या घेऊन आली. तिनं घोड्यावरची ओळखीची खाच अंगठ्यानं चाचपली आणि किती दिवसांनी हसली.

“नवा आणला वं, माय.”

घरातली सगळी माणसं आत आल्यासारखी तिनं दाराला कडी घातली.

“नवा नाही, बाबू. तुले सांगितलं नव्हतं. तिरडी उचलायच्या आधी म्याच तो त्याहीच्या मुठीत ठेवला होता.”