मागच्या डाव्या दाराचा ओरखडा

जावईबापूंनी कव्हर मागच्या डाव्या दारापुरतंच वर केलं, ओरखडा पाहिला आणि झटकन खाली सोडलं. मग इकडेतिकडे बघून पुन्हा वर केलं. ओरखडा तिथेच होता. उलट वाढला होता. काल वीतभर वाटला होता, आज चांगला हातभर दिसत होता. घाबरलेल्या माणसाच्या नजरेचं काही खरं नसतं, असं स्वतःला समजावून त्यांनी बाह्या सरसावल्या.

गाडी सासऱ्यांची. सासरे निवृत्त शिंपी. कव्हरसाठी त्यांनी सुटाचं घ्यावं तसं टेपने गाडीचं माप घेतलं होतं, दोन्ही आरशांना कान शिवले होते. उरलेल्या कापडात शेजारच्या काकांच्या तशाच पांढऱ्या गाडीलाही एक बेतून दिलं होतं. किल्ली मात्र, लग्नाला तीन वर्षं झाली तरी, जावयाच्या हाती पडली नव्हती. ती काल पहिल्यांदा पडली. आणि काल रात्रीच, पार्किंगच्या वळणावर, जावईबापूंनी गाडी खांबाला घासली. त्या खांबाने अख्ख्या इमारतीच्या गाड्या सोलल्या होत्या, फक्त सासऱ्यांची सुटली होती. दरदरून घाम फुटलेल्या जावईबापूंनी समोर दिसली त्या मोकळ्या जागेत गाडी घातली, कव्हर ओढलं आणि लिफ्टची वाट न बघता पाच जिने चढले.

सासरे रोज पाचच्या ठोक्याला गाडी पुसायला खाली येत. ओरखडा दिसला तर किल्ली जाणार, हे एक वेळ चाललं असतं. पण सासऱ्यांची स्मरणशक्ती दांडगी होती. थोरल्या साडूंच्या हातून अकरा वर्षांपूर्वी एक कपबशी फुटली होती, ती अजून दर जेवणाला फुटायची. इथे तर अख्खी गाडी होती. जावईबापूंना आपलं उरलेलं आयुष्य जेवणाच्या टेबलावर स्पष्ट दिसत होतं.

दोन वाजता त्यांनी काम सुरू केलं. ओरखड्याभोवती चिकटपट्टी लावली. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायला घेतला. वरून बायकोचा मेसेज आला. "बाबा घोरतायत. घास."

प्रायमर वाळत होता तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. शेजारचे काका उभे होते.

"काका, बाबांना सांगू नका," जावईबापू रडकुंडीला येऊन म्हणाले. "पाचच्या आत दार पहिल्यासारखं करतो."

काकांनी दाराकडे पाहिलं. कव्हरकडे पाहिलं. मग जावयाकडे बराच वेळ पाहिलं.

"छे छे," ते म्हणाले. "माझ्या तोंडून अक्षर निघायचं नाही. तुम्ही चालू द्या."

काका नुसते बोलून थांबले नाहीत. घरातून स्टूल आणलं, स्वतः बसले. पांढऱ्या रंगाचे तीन हात झाले, त्या प्रत्येक हातानंतर ते उठून वाकून बघत होते. "कडेला अजून जरा खरखरीत लागतंय," असं म्हणून बोटाने जागा दाखवत होते. मध्ये दोघांसाठी चहाही घेऊन आले. दुसऱ्याच्या गाडीसाठी हल्ली इतकी तळमळ कोण दाखवतं? जावईबापूंना खरोखर भरून आलं.

वर लॅकरचा चकचकीत थर बसला, तोही वाळला. मग रबिंग कंपाउंड लावून त्यांनी खांदा दुखेपर्यंत दार घासलं. ओरखडा कुठे होता ते त्यांचं त्यांनाच सापडेना.

"जादू आहे तुमच्या हातात," काका म्हणाले. "पुढच्या बंपरवरही एक ओरखडा आहे, जुना. तेवढा एक..."

"पुढच्या रविवारी करून टाकू, काका."

"शब्द?"

"शब्द."

पाचला सासरे खांद्यावर फडकं टाकून आले. जावईबापूंनी कव्हर नीट खाली ओढलं आणि कंपाउंडची डबी पाठीमागे धरून उभे राहिले. सासऱ्यांनी सवयीने कव्हरची कड चिमटीत धरली, अंगठ्याने चाचपली आणि सोडून दिली. मग ते पलीकडच्या जागेकडे चालू लागले.

"बाबा, तिकडे कुठे?"

"आपल्या गाडीकडे. आपल्या कव्हरला दुहेरी शिलाई आहे, या काकांच्या कव्हरला एकेरी. काल तुम्ही गाडी यांच्या जागेवर लावलेली दिसते. मग हे बिचारे आपल्या जागेवर लावणार नाहीत तर काय?"

त्यांनी तिथलं कव्हर वर केलं. मागच्या डाव्या दारावर ओरखडा होता. वीतभर.

जावईबापूंनी काकांकडे पाहिलं. काका रिकाम्या कपाच्या तळाशी काहीतरी शोधत होते. सासरे परत आले, एकेरी शिलाईचं कव्हर उचललं, आरशासारखं चकाकणारं दार पाहिलं आणि जावयाच्या पाठीमागची डबी मागून घेतली.

"लोक परक्याची गाडी घासून आपली चकचकीत ठेवतात," ते सावकाश म्हणाले. "आमच्या नशिबी तुम्ही आलात."

"त्यांना काही बोलू नका हो," काका कळवळून म्हणाले. "पुढच्या रविवारी माझा बंपर करायचाय त्यांना."