पिंगळ्याचा पुरावा

पान.

पुन्हा पान.

हे जरा हललेलं पान.

क्षिप्राने कॅमेरा खाली घेतला, मान चोळली आणि परत डोळ्याला लावला. वर्तकनगरच्या जुन्या कॉलनीत, दोन इमारतींच्या मधोमध देशी बदामाचं झाड. निम्मी पानं लाल, निम्मी वाळून तपकिरी. त्याच्या खोडातल्या ढोलीत पिंगळा राहत होता. ओंजळीत मावेल एवढं घुबड. राहत होता हे तिला ठाऊक होतं. फोटोत मात्र तो काही केल्या उमटत नव्हता. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके. आणि भोवती सगळी ठिपके पडलेली तपकिरी पानं.

उद्या सकाळी झाड तोडायला माणसं येणार होती. पानं गाड्यांवर पडतात, गटार तुंबतं, शिवाय तिथे दोन गाड्या लागतील. सोसायटीचा सेक्रेटरी साकेत तसा वाईट नव्हता. पक्षी खरंच राहतोय असं आज संध्याकाळपर्यंत दाखव, मी कमिटीशी बोलतो, असं तो म्हणाला होता. कालचा फोटो त्याने मोबाईलवर दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला.

"हे पान आहे गं," तो म्हणाला.

फोटो नाही तर निदान चार माणसं तरी आपल्या बाजूला हवीत, म्हणून दुपारी ती तळमजल्यावरच्या कलावतीकाकूंकडे जाऊन आली होती. काकू पिंगळा ओरडला की खिडकी आपटून लावायच्या, मेलं अपशकुनी म्हणायच्या. क्षिप्राचा देवाशी काही संबंध नव्हता. तरी तिने ठोकून दिलं की काकू, लक्ष्मीचं वाहन आहे ते, त्याला बेघर करायचं नसतं. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवार होता.

आता ऊन उतरलं होतं. पान. फांदी. पान. ढोलीच्या कडेवरही एक पान.

त्या पानाने डोळे उघडले.

पिवळेधमक. क्षिप्राने श्वास रोखला. फोकस पुढच्या फांदीवर बसला, सुटला, मागे गेला, परत आला. पिंगळ्याने मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं. डोळे स्पष्ट झाले, ठिपके स्पष्ट झाले, आणि ती बटण दाबणार तोच

घंटा.

ठेवणीतलं लुगडं, हातात तबक, तबकात निरांजन. काकूंच्या मागे बी विंगच्या बायका, कुणाच्या तरी मोबाईलवर आरती लावलेली. क्षिप्राने हातानेच थांबवलं, एक मिनिट, फक्त एक मिनिट म्हणून कळवळून सांगितलं.

"अगं, तूच तर म्हणालीस," काकू म्हणाल्या, आणि वर ऐकू जावी म्हणून त्यांनी घंटा आणखी जोरात वाजवली.

क्षिप्राच्या बोटाने बटण दाबलं गेलं. पिंगळा उडाला, पंखांचा आवाजही झाला नाही. दर्शन दिलं, दर्शन दिलं, म्हणत बायकांनी हात जोडले. काकूंनी खोडाला हळदकुंकू लावलं. क्षिप्राने स्क्रीनवर पाहिलं.

पान.

गर्दी बघून साकेत खाली आला. चेअरमनची बायकोही हात जोडून उभी आहे हे त्याने पाहिलं, बाजूला जाऊन फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं.

"जिंकलीस तू," तो क्षिप्राला म्हणाला. "आता याला हात लावला तर मला इथे राहू देतील का?"

तो येणार नाही आता, ती म्हणाली. कोण, त्याने विचारलं. पण उत्तर ऐकायला तो थांबला नाही. गणपतीतल्या लाइटच्या माळा स्टोअररूममध्ये आहेत, असं काकूंनी त्याला मघाशीच सांगितलं होतं. वॉचमनने शिडी लावली. माळ खोडाला वेढे घेत वर चढली, ढोलीच्या तोंडाभोवती तिचा एक जादा फेरा झाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

साकेतने बटण दाबलं. एकेक पान लख्ख उजळलं, आणि उजेड ढोलीत शिरून पार तळापर्यंत पोचला.