उरलेलं पान

"हुंकार द्या रे पोरांनो, हुंकाराशिवाय गोष्ट पुढं सरत नाही." लहानपणी दर शनिवारी टीव्हीवर भूतकथा वाचणाऱ्या द्वारकाबाई असं म्हणायच्या, आणि आम्ही पडद्यासमोर घाबरत 'हं' म्हणायचो.

शेवटची गोष्ट त्यांनी एक पान राहिलं असताना सोडली होती. ते पान त्यांच्याकडून वाचून घ्यायला आता वाहिनीनं मला पाठवलं.

"चहा पी आणि जा. भुतंसुद्धा म्हातारी झाली असतील आता," त्या हसून म्हणाल्या.

मी त्या कार्यक्रमाची जुनी टेप लावली. त्या वाक्य वाचून थांबायच्या आणि त्या शांततेत बारीक 'हं' यायचं. "बाई, स्टुडिओत कुणाचं मूल बसायचं?"

"कुणाचंच नाही," म्हणत त्यांनी मी दिलेलं पान पदराखाली झाकलं.

मी टेप बंद केली. तरी खोलीत 'हं' उमटलं, वाट पाहणाऱ्या लेकरासारखं.

द्वारकाबाईंनी माझा हात घट्ट धरला. "माझी मालू आहे ती. कार्यक्रमाच्या आधल्या वर्षी तापानं गेली, आणि पहिल्याच गोष्टीला हुंकार द्यायला आली. शेवटची गोष्ट संपली की ती उठून जाईल गं, म्हणून तेवढं पान वाचायचं ठेवलंय."