फक्त हिच्याच हातचं

रशियातून पळून आलेले क्रांतिकारक ग्रिगोरी १९८४ साली लंडनमधल्या एजवेअरला उल्काच्या शेजारी राहत. कोणी विष घालेल या भीतीने ते फक्त तिने दिलेला डबा खात.

"अगं, काल लायब्ररीत त्यांचा एक गाववाला भेटला," संध्याकाळी जयंत हसत म्हणाला. "मी सांगितलं, तुमचे ग्रिगोरी आमच्या हिच्याच हातचं जेवतात! एकदम खूश झाला."

"अहो, पण त्यांचं तर इथे ओळखीचं कोणीच नाही." उल्का चपापली. "आज दुपारी एकजण तुमचं नाव सांगून म्हणाला, डबा मी पोचवतो. मी दिला की त्याच्याकडे!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात तोच गृहस्थ होता. स्वच्छ धुतलेला डबा त्याने उल्काच्या हातात ठेवला.



"थँक यू, मॅडम. उद्यापासून डबा नको."